पूर ओढ्याकडून मोजावा



पावसाळ्याचे चार महिने रायगड जिल्ह्यात रोज एक तक्ता प्रसिद्ध होतो. सावित्री, अंबा, कुंडलिका, पाताळगंगा, उल्हास, गाढी अशी नद्यांची नावे आणि प्रत्येकीसमोर तीन आकडे: इशारा पातळी, धोका पातळी आणि आजची पातळी. नागोठण्याला अंबेचा इशारा ८ मीटरवर, धोका ९ मीटरवर. डोलवहाल बंधाऱ्यावर कुंडलिकेचा इशारा २३ मीटरवर आणि धोका २३.९५ मीटरवर. तक्ता उपयोगाचा आहे, तो तयार करणाऱ्यांच्या मेहनतीबद्दलही शंका नाही. पण तो वाचून आपण जे अनुमान काढतो ते मला मान्य नाही. नदी धोक्याच्या खाली आहे, म्हणजे गाव सुरक्षित आहे, असे आपण समजून चालतो. सुकेळी खिंडीपासून कोलाडपर्यंतचा खांब परिसर आणि त्याच्या खालच्या अंगाला वसलेले रोहा-अष्टमी, एवढा टापू डोळ्यांपुढे ठेवला तर हे अनुमान टिकत नाही. इथली पुराची जोखीम कुंडलिकेइतकीच, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्याहून अधिक, तिला मिळणाऱ्या लहान नद्यांत आणि ओढ्यांत आहे. त्यांची मोजणी मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. पुराचा अंदाज ओढ्याकडून नदीकडे बांधत यायला हवा, असे माझे आजचे प्रतिपादन आहे.

आधी भूगोल पाहू. सह्याद्रीच्या कड्यापासून रेवदंड्याच्या खाडीमुखापर्यंत सरळ रेषेत अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर भरते. त्यातला चढउताराचा सगळा खेळ पहिल्या काही किलोमीटरांत उरकतो आणि पुढे जमीन जवळजवळ सपाट होते. देशावरची नदी शेकडो किलोमीटर वाहते. तिचा पूर वरच्या जिल्ह्यातून खालच्या जिल्ह्यात पोचायला दिवस घेतो, म्हणून तिथे वरच्या पातळीवरून खालच्या गावाला सावध करता येते. कोकणातल्या नदीजवळ एवढा वेळ नसतो आणि तिच्या ओढ्यांजवळ तर तो मुळीच नसतो. सुकेळी खिंड अंबा आणि कुंडलिका या दोन खोऱ्यांमधल्या डोंगरकडेवर आहे. तिच्या उत्तरेला पडलेला पाऊस नागोठण्याच्या बाजूला अंबेकडे जातो, दक्षिणेला पडलेला खांब-पुई-कोलाडच्या बाजूला कुंडलिकेकडे. पुईजवळ महामार्ग जिच्यावरून जातो ती महिसदरा नदी आणि डोंगरांतून उतरणारे निनावी ओढे हे पाणी वाहून नेतात. पाच किलोमीटर लांबीचा आणि तीनशे मीटर उतरणारा ओढा घेतला, तर पाणलोटाच्या टोकाचे पाणी पायथ्याशी यायला नेहमीच्या सूत्राने पाऊण तासही लागत नाही. पाऊस मोजला, आकडा तालुक्याला कळवला, तिथून जिल्ह्याला गेला आणि आदेश होऊन गावात परत आला, या सगळ्याला लागणारा वेळ पाऊण तासाच्या शेजारी मांडला की अडचण कुठे आहे ते दिसते.

आता किती पाणी, तो हिशेब. शाळेतल्या मुलालाही तो जमेल, इतका सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख घनमीटर पाणी होते. जुलैअखेर जमीन पाण्याने तुडुंब असते आणि खाचरे भरलेली असतात, तेव्हा त्यातले ८० टक्के वाहून जाते असे धरायला हरकत नाही. हा पाऊस एका तासात पडला, तर प्रत्येक चौरस किलोमीटरमागे सेकंदाला सुमारे २२ घनमीटर पाणी येते. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून सेकंदाला २२२ घनमीटर. आता त्या ओढ्यावरची मोरी बघा. एक मीटर व्यासाच्या नळातून, वेग तीन मीटर धरला तरी, सेकंदाला सव्वादोन-अडीच घनमीटर पाणी जाते. म्हणजे एका चौरस किलोमीटरच्या ओहोळालाही तसे नऊ-दहा नळ हवेत. जिथे एक किंवा दोन टाकलेले असतील तिथे उरलेले पाणी रस्त्याच्या भरावाला अडून वरच्या खाचरांत आणि वस्तीत पसरणार. त्या घडीला कुंडलिका डोलवहालला धोक्याच्या दोन मीटर खाली असली, तरी त्या वस्तीला त्याचा काय दिलासा?

याच ठिकाणी आपल्या भागातल्या एका पक्क्या समजुतीचा विचार केला पाहिजे. रोह्यात पाणी वाढले की धरणाचे पाणी सोडले असे म्हटले जाते, आणि त्या धरणाचे नाव पुष्कळदा मुळशी असे घेतले जाते. मुळशी धरणाला मोठा इतिहास आहे. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचा विषय झालेले ते धरण, आणि त्याचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणून टाटांनी १९२७ पासून वीज निर्माण केली. वीज काढून झालेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडचे राफ्टिंग आणि डोलवहालचे कालवे त्यावरच चालतात. पण मुळशी धरण भरून सांडव्यावरून जे पाणी जाते ते पूर्वेला मुळा नदीत जाते आणि तिथून भीमेमार्गे बंगालच्या उपसागराकडे. रोह्याशी त्याचा संबंध येत नाही. रोह्याकडे येते ते वीजगृहातले पाणी. भिऱ्याची जुनी आणि नवी मिळून ३०० मेगावॅटची यंत्रे पूर्ण क्षमतेने चालली, तर पाचशे मीटर उंचीच्या हिशेबाने सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर घनमीटर पाणी बाहेर पडते. आधीच्या आकड्याशी ते ताडून पाहा. दहा चौरस किलोमीटरचा एकच ओढा ढगफुटीसारख्या तासात त्याच्या तिप्पट पाणी आणतो. भिऱ्याच्या खालच्या बंधाऱ्याच्या दरवाजांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. तिथे सह्याद्रीच्या कड्यावरचे स्थानिक पाणीही जमते, ते सोडण्याच्या वेळा आधी कळल्याच पाहिजेत. पण दोष देण्यासाठी दिसणारा एक दरवाजा हाती असला, की न दिसणाऱ्या शंभर ओढ्यांचा हिशेब कोणी मागत नाही, ही मला खरी अडचण वाटते.

जोखीम म्हणजे पाण्याचे आकारमान एवढेच नव्हे, हेही लगेच सांगायला हवे. वेळ जुळून येणे हा तिचा दुसरा, माझ्या मते मोठा भाग. रोहा हे जुन्या काळी भरतीबरोबर होड्या येणारे बंदर. खाडीचा श्वास तिथपर्यंत पोचतो, आणि उधाणाच्या भरतीत समुद्र नदीचे तोंड काही तास अडवून धरतो. नदी फुगली की ओढ्याचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे सरते. ओढ्याला स्वतःचा पूर नसतानाही त्याच्या काठची घरे बुडतात ती अशी. तीन गोष्टी, ओढ्यांचा लोंढा, नदीचा फुगवटा आणि समुद्राची भरती, वेगवेगळ्या आल्या तर निभावते; एकाच तीन-चार तासांच्या खिडकीत आल्या तर नाही. मुंबईचा धडा याच बाबतीतला आहे. तिथली जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, असे गृहीत धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती आली. प्रमाण चुकले होतेच, पण गृहीतकातली ओहोटीही चुकली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला आलेल्या पुरातही वाशिष्ठी, गावातून वाहणारी तिची उपनदी शिव, समुद्राची भरती आणि कोळकेवाडी धरणाकडून येणारे पाणी, या सगळ्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. त्यातला एकच धागा ओढून वाद घालणे सोपे असते, आणि वर्षभर तोच वाद चालला. महाडातही सावित्रीला गांधारी आणि काळ मिळतात. त्या दिवशी महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तो ज्या खोऱ्यांत उतरतो त्यांत सावित्री आहे.

शासनाकडे यासाठी साधन नाही असे नाही. १९८९ पासून पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकांनी पूररेषा आखण्याची पद्धत घालून दिली आहे. पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रण. कल्पना चांगली आहे. पण ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनी भलताच निर्धास्तपणा येतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता असलेला पूर. गृहकर्जाची मुदत तीस वर्षे धरली, तर त्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारांत एकाहून थोडी जास्त. निळ्या रेषेच्या पुराची तीस वर्षांतली शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. ज्याला कर्ज देताना कोणी हे दोन आकडे सांगितले नाहीत त्याने लाल रेषेजवळ घर घेतले, तर त्याला बेपर्वा म्हणता येणार नाही. आणि हे झाले मोठ्या नदीचे. नकाशावर ओढा म्हणजे एक बारीक निळी रेघ, पुष्कळदा तीही नाही. तिच्या दोन्ही बाजूंना पाणी किती पसरेल हे कोणी आखत नाही. बांधकाम परवानगीत नाल्यापासून काही मीटर अंतर सोडायला सांगितले जाते. पण डोंगराच्या पायथ्याशी जिथे ओढा एकदम सपाटीला येतो आणि पंख्यासारखा पसरतो, तिथे ठरावीक मीटरांना काय अर्थ? त्या जागी अंतरापेक्षा उंची महत्त्वाची असते.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप अभियंत्यांचा, आणि तो वजनदार आहे. ओढ्यांवर प्रवाह मोजण्याची केंद्रे नाहीत, वर्षानुवर्षांच्या नोंदी नाहीत, मग त्यांच्या पुराची शक्यता काढणार कशावरून? खरे आहे. पण मोजमाप नाही म्हणून जोखीम शून्य धरणे हेसुद्धा एक अनुमानच आहे, आणि उपलब्ध अनुमानांत सर्वात वाईट. न मोजलेल्या पाणलोटासाठी पावसाच्या तीव्रतेवरून प्रवाह काढण्याची रीत जगभर वापरली जाते. वर केलेला हिशेब त्याच जातीचा आहे. त्यातली चूक वीस-तीस टक्क्यांची असू शकेल. एका मोरीला पाहिजे त्याच्या दशांश जागा आहे, हे कळायला एवढी अचूकता पुरते. शिवाय पावसाच्या नोंदी अगदीच नाहीत असे नव्हे. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. त्यांचा वापर मुख्यतः पीकविम्यासाठी होतो, हा योजनेचा हेतूच तसा होता. पण तासातासाचा पाऊस ओढ्याच्या पुरासाठी मोलाचा असतो. सकाळी साडेआठला संपणारा चोवीस तासांचा एकच आकडा इथे फारसे काही सांगत नाही, कारण २०० मिलिमीटर दिवसभरात पडणे आणि दोन तासांत पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. जागेचेही तसेच. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाले तेव्हा कुलाब्याला ७३ झाले होते, आणि ही दोन्ही केंद्रे एकाच शहरात आहेत. रोह्याच्या पर्जन्यमापकावरून सुकेळीच्या डोंगरावर काय झाले ते सांगणे म्हणूनच धाडसाचे. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने मुंबईच्या पुराचा अभ्यास करताना पावसाच्या दाट नोंदी आणि जमिनीच्या उंचीचे बारकाईचे नकाशे यांवर भर दिला, तो उगाच नाही. महानगराला जे आवश्यक ठरले ते महामार्गावरच्या गावांना चैनीचे ठरू नये.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा: असा पाऊस क्वचित पडतो, त्यासाठी आयुष्यभर खर्च कशाला? जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहा. जुलै १९८९ मध्ये अंबेने सुधागडातले जांभूळपाडा उद्ध्वस्त केले आणि नागोठणेही बुडवले. जुलै २००५ मध्ये महाड आणि त्याभोवतीच्या दरडी. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महाड, आणि तळियेची दरड. या तारखांत सोळा-सोळा वर्षांचे अंतर दिसते, म्हणून कोणी २०३७ चे भाकीत करू नये. त्यात चक्र वगैरे काही नाही. त्यांतून एवढेच कळते की एका पिढीच्या हयातीत एकाच जिल्ह्यात हे तीनदा घडले, आणि दर वेळी नदी किंवा डोंगर वेगळा होता. खोरे आपले नव्हते हा योगायोग आहे, संरक्षण नव्हे. त्यात पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. जुन्या नोंदींवरून काढलेली शंभर वर्षांची रेषा आज पन्नास वर्षांची झाली असेल की सत्तरची, यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. ती दीडशेची झाली असे म्हणणारा मात्र सापडणार नाही.

तिसरा आक्षेप उपायांच्या स्वरूपात येतो: गाळ काढा, संरक्षक भिंत बांधा, प्रश्न मिटेल. महाडात सावित्रीतली जुटे, म्हणजे पात्रातली गाळाची बेटे, काढण्याची मागणी वर्षानुवर्षे झाली, चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचा गाळ मोठ्या प्रमाणावर उपसला गेला. गाळ काढल्याने पात्राची क्षमता वाढते, मध्यम पुरात फायदा होतो. पण जिथे भरतीची पातळीच पाणी अडवते तिथे तळ खोल करून पृष्ठभाग खाली जात नाही. आणि डोंगर उघडे पडत राहिले, रस्त्याची माती ओढ्यात ढकलली जात राहिली, तर उपसलेला गाळ दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा जागेवर येतो. भिंतीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. नदीचे पाणी बाहेर ठेवणारी भिंत ओढ्याचे पाणी आत कोंडते. पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी ठेवावी लागते, ओहोटीला ती उघडून आतले पाणी बाहेर काढावे लागते, आणि ती नादुरुस्त राहिली तर समुद्राने न बुडवलेले शेत पावसाने बुडते. शहरी भिंती बांधणाऱ्यांनी या जुन्या ज्ञानाची दखल घेतली तर बरे. उघाडीशिवाय भिंत बांधू नये, आणि उघाडी सांभाळणारा माणूस ठरल्याशिवाय उघाडीही करू नये.

चौथा आक्षेप उघडपणे कमी बोलला जातो: ओढ्याकाठी पूररेषा आखल्या तर जमिनींचे भाव पडतील. पडतील. पण आज त्या भावात दडलेला तोटा कोण भरतो तेही बघायला हवे. विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो. बुडतो तो तळमजल्यावरचा भाडेकरू, रस्त्याच्या भरावाखाली गेलेल्या सखल जागेतला टपरीवाला, ओढ्याच्या कडेला सरकत गेलेली कातकरी वाडी. धोक्याची किंमत आजही कोणीतरी मोजतच आहे. रेषा आखल्याने ती फक्त खरेदीखताआधी दिसू लागेल. जमीनमालकाला काही सवलत द्यायची, बांधकाम उंच जागी सरकवायचे, हे सगळे वाटाघाटीचे मार्ग खुले आहेत. मात्र रेषाच नसेल तर वाटाघाट कशावर करायची?

आता खांबकडे परत येतो, कारण तिथे या युक्तिवादाची सर्वात कडक परीक्षा होते. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग चौपदरी करण्याचे काम इतकी वर्षे चालले की एक अख्खी पिढी ‘काम चालू आहे’ ही पाटी वाचत मोठी झाली. या कामात भराव उंच झाले. शेजारून रोहा-कोलाड पट्ट्यात कोकण रेल्वेचाही भराव जातो. डोंगरातून नदीकडे जाणाऱ्या पाण्याला आडवे असे दोन बांध आपण उभे केले आणि त्यांना आपण रस्ता आणि लोहमार्ग म्हणतो. ते नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण पाण्याच्या दृष्टीने त्या भरावांतली प्रत्येक मोरी म्हणजे एक दरवाजा आहे, आणि भिऱ्याच्या दरवाजांची चौकशी करणाऱ्या आपल्यापैकी कोणी या दरवाजांची यादी पाहिलेली नाही. अशी यादी करणे महागडे काम नाही. प्रत्येक मोरीचा क्रमांक, तिच्या वरच्या पाणलोटाचे क्षेत्रफळ, तिची रुंदी-उंची, ती किती पाऊस पेलू शकेल तो आकडा, आणि ती तुंबल्यास पाणी आधी कोणाच्या दारात जाईल त्या घरांची नावे. पहिले चार रकाने अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी एका हिवाळ्यात भरू शकतील. पाचवा रकाना ग्रामपंचायतीशिवाय भरला जाणार नाही, कारण २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, जुना साकव कुठून वाहून गेला, भराव होण्याआधी ओढा कुठून जात असे, हे गावातल्या वयस्क माणसांच्याच लक्षात आहे, आणि ती माणसे कमी होत चालली आहेत. नागोठण्याला अंबेवरचा निजामशाही काळातला दगडी पूल सोळाव्या शतकापासून उभा आहे. त्याच्या कमानींची रुंदी ठरवणाऱ्याने पाण्याचे निरीक्षण केलेले असणार. आज आपल्याकडे उपग्रहाचे नकाशे आहेत. तरी मोरीचा व्यास ठरताना वरचा पाणलोट मोजला गेला की ठेकेदाराकडे जो नळ होता तो बसवला गेला, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि उत्तर लेखी मागावे.

ही यादी तयार झाल्यावर डोलवहालचा तक्ता निरुपयोगी होत नाही. त्याचा अर्थ पहिल्यांदा नीट लागतो. कुंडलिका २३ मीटरवर असताना रोहा-अष्टमीतले कोणते ओढे मागे सरतात, उधाणाची भरती किती वाजता आहे, आणि भरतीच्या त्या तीन-चार तासांत सुकेळीच्या बाजूला ताशी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर कोणत्या मोऱ्या आधी तुंबतात, या तीन गोष्टी एका कागदावर आल्या की तहसीलदाराला आदेश काढायला नदीने धोक्याची रेषा ओलांडण्याची वाट पाहावी लागणार नाही. भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापील मिळते. जुलै आणि ऑगस्टमधल्या अमावास्या-पौर्णिमेच्या भोवतालचे दिवस आजच खूण करून ठेवता येतात. त्या दिवसांत मोऱ्या साफ आहेत का, उघाड्या चालतात का, वाडीवर रात्रीचा संपर्क कोणाचा, एवढे पाहायला कोणत्याही नव्या निधीची मंजुरी लागत नाही. मोऱ्या रुंद करायला निधी लागेल, आणि तो मागताना हीच यादी हाती असेल तर महामार्ग प्राधिकरणाला ‘पाहणी करू’ एवढे सांगून बोळवण करता येणार नाही, कारण पाहणी झालेली असेल.